एका अक्षराची दुरुस्ती

एल्वियो रोज सकाळी डॉलरचा भाव वहीत टिपायचा,
पेन्सिलीनं, येर्बाचा कडू घोट अजून जिभेवर असताना.
आधी आठवड्याला एक ओळ पुरायची,
मग दिवसाला,
मग दुपारी जेवून उठल्यावर आणखी एक.
मी म्हणायची, ताप मोजून ताप उतरतो का रे?
तो म्हणायचा, इर्मा, तुला कळायचं नाही.

तसं झालं काहीच नव्हतं.
राफाएलात दुधाच्या गाड्या पहाटे वेळेवर येत होत्या,
चौकात निवडणुकीची पत्रकं उडत होती, पूर्वीइतकीच खोटी.
फक्त बेकरीवाल्या नेल्सोननं दरांची रंगवलेली पाटी उतरवून
काळा फळा टांगला.
खडू पुसता येतो, तो म्हणाला,
दर आठवड्याला पेंटर कुठून आणू?
त्या दिवशी एल्वियो पाव न घेताच घरी आला
आणि दारातच म्हणाला, जायचं.

जायला पूर्वज लागतो.
आमचा पणजोबा बाउतिस्ता, पिएमोंतेच्या डोंगरातला,
भूक लागली म्हणून जहाजात बसला, दुसरं कारण नाही.
बसला तेव्हा गारील्यो होता.
बंदरावरच्या कारकुनानं ऐकू आलं तसं लिहिलं
आणि आम्ही झालो गारिशो.
चार पिढ्या त्या चुकीवर आम्ही
गाई पाळल्या, कर्जं काढली, लग्नं लावली,
थडग्यांच्या दगडांत ती खोल कोरून घेतली.
आता परतीच्या पासपोर्टसाठी
न्यायाधीशापुढं सिद्ध करायचं होतं
की आम्ही ते नव्हेच.

अकरा महिने लागले एका अक्षराला.
वकिलानं फी डॉलरमध्ये घेतली.

मग सामान फुटपाथवर मांडलं.
लोक आले, सगळे ओळखीचे,
मयताला येतात तसे हळू बोलत,
पण घासाघीस करत.
शिलाई मशीन, ताटं, तादेओची सायकल.
मारिसेलनं एका बरणीची किंमत तीनदा बदलली
आणि शेवटी ती कुणाला तरी फुकटच देऊन टाकली.
शिडी कुणी घेतली नाही.
ती माझ्याकडं आली.

विमानतळावर मी रडले नाही. रागावले होते.
बुडत्या बोटीतून उतरणाऱ्यावर नाही;
उतरताना, बोट बुडतेय, असं
मागं राहणाऱ्याच्या कानात सांगून जातो, त्याच्यावर.

तिकडं तो बॉयलर दुरुस्त करतो.
गावच्या शाळेत तादेओ धरून सात मुलं.
बाकीच्यांचे बाप म्हणतात,
इथं काही उरलं नाही, जर्मनीत जा.
पणजोबाच्या बोलीतले दोनच शब्द एल्वियोला येतात,
एक शिवी आणि एक पाव.
दोन्हींना लोक हसतात, प्रेमानंच, असं तो म्हणतो.

रविवारी फोनवर विचारतो, कोसळलं का?
त्या आवाजात मला ऐकू येतं
की कोसळलं असतं तर त्याला जरा बरं वाटलं असतं.
मी सांगते, थोडं थोडं.
एका शुक्रवारी बँकेनं दार उघडलं नाही.
सोमवारी उघडलं, आत पैसे सोडून सगळं होतं.
शेजारचा डॉक्टर चिलीला गेला.
लिंबाला मात्र यंदा इतकी लिंबं आली
की शिडी लावावी लागली.
तो गप्प होतो.
मागून मारिसेल म्हणते, अजून वही घेऊन बसतो गं,
आता गॅसचा भाव लिहितो.

त्याच निकालानं माझंही नाव सुधारलं.
पासपोर्ट पिठाच्या डब्यामागं आहे.
मी काही शहाणी नाही, अधूनमधून
तो तिथंच आहे ना, ते बघून घेते.

बेकरीत मात्र मी अजून गारिशोच.
नेल्सोन उधारी पैशात लिहीत नाही,
फिटेपर्यंत पैशाला किंमत उरत नाही.
तो पावात लिहितो.
इर्मा गारिशो, चार पाव.
इर्मा गारिशो, सहा.